मिरजेचा तंबोरा, हेब्बाळचं घर

हेब्बाळच्या उड्डाणपुलापाशी बाह्य वळणरस्ता बळ्ळारी रस्त्याला येऊन मिळतो आणि विमानतळाकडे निघालेलं निम्मं बंगळूर तिथे अडकून पडतं. पुलाजवळ केंपेगौडाच्या काळातलं म्हणून ओळखलं जाणारं तळं आहे, अलीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयाची झाडी आहे. आमच्या घराची एक खिडकी तळ्याच्या दिशेला उघडते, दुसरी रस्त्याच्या. पहाटे रियाजाला बसायचं तर ही दुसरी बंद करावी लागते. या घरात माझं गाणं वर्षानुवर्षं एका पेटीच्या आधाराने चाललं. एक बटण, स्वर वरखाली करायची एक चकती, आणि पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज हे आवर्तन अखंड.

त्या पेटीबद्दल मी वावगं बोलणार नाही. ती याच शहरात जन्मली. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये अभियंता असलेले बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली ‘रडेल’ ही कंपनी काढली आणि श्रुतिपेटी, तंबोरा, पुढे तबलासुद्धा विजेवर वाजता केला. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलींना, दोन खोल्यांच्या घरात चौघांत राहणाऱ्यांना, परदेशी गेलेल्या कुटुंबांना या पेटीने गाणं टिकवायला मदत केली. तंबोरा जुळवता येत नाही म्हणून ज्यांचा रियाज अडला असता, त्यांचाही अडला नाही. हे ऋण मोठं आहे. पण तंबोरा जुळवण्यातून जे कानाला मिळायचं, ते त्या सोयीत निसटलं, हेही तितकंच खरं.

सांगलीत शिकत होतो तेव्हा गुरुजींच्या खोलीत भिंतीला टेकून दोन तंबोरे उभे असत, अंगावर सुती गवसण्या. सुरुवातीची वर्षं मी गायलो कमी आणि तंबोरा छेडला जास्त. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने उरलेल्या तीन तारा. लय गायकाच्या लयीत मिसळू द्यायची नाही, जोर करायचा नाही, थांबायचं तर अजिबात नाही. गुरुजी मध्येच डोळे मिटलेले असताना हात लांब करायचे आणि घोडीखालचा मणी केसभर सरकवायचे. काय बिघडलं होतं ते मला कळायचं नाही, दुरुस्त झालं ते मात्र कळायचं. असा एक तंबोरा आपल्या घरी असावा, ही इच्छा तेव्हाची. नोकरी, बदली, भाड्याची घरं, मुलांच्या शाळा यांत ती मागे पडत गेली. हेब्बाळला स्वतःचं घर झालं तेव्हा मी मिरजेला फोन केला.

*

बाहेरगावच्या माणसाला मिरज दोन गोष्टींसाठी ठाऊक असते: दवाखाने आणि तंतुवाद्यं. स्टेशनातून बाहेर पडून सतारमेकर गल्ली विचारली तर रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना दुकानं, आणि दुकानातच किंवा मागच्या खोलीत कारखाना. दारात, माळ्यावर, जिन्याखाली भोपळेच भोपळे. रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या पापुद्र्यांचा आणि स्पिरिटचा वास गल्लीभर.

इथल्या कारागिरीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सांगतात. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार भाऊ. शिकलगारांचा धंदा तलवारी, भाले, जंबिये घडवण्याचा आणि त्यांना पाणी देण्याचा. संस्थानांच्या फौजा इंग्रजी अमलात आक्रसल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही. मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं, दरबारी गवयांचं येणं-जाणं होतं, आणि त्यांची वाद्यं बिघडली की लखनौ किंवा दिल्लीकडे पाठवण्यावाचून इलाज नव्हता. ज्यांच्या हाताला धातूची धार कळते त्यांना तारेचा ताणही कळेल, असा विश्वास कुणीतरी दाखवला आणि हे भाऊ दुरुस्तीला बसले. दुरुस्तीतून घडण आली, घडणीतून आडनाव आलं. आज गल्लीत जे सतारमेकर भेटतात त्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

या गल्लीला मिळालेला सर्वांत मोठा आधार म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा गावचे खाँसाहेब फिरत फिरत मिरजेत आले आणि मिरजेचेच झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पण घर म्हणायचं ते मिरजेलाच. १९३७ साली मद्रासहून पाँडेचरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. दफन मात्र मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. दरवर्षी उरुसात तिथे गाणं होतं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, घोडीचा माथा घासून जवारी आपल्या हाताने काढायचे. किराणा घराण्याचं सगळं गाणं स्वराच्या ठहरावावर उभं आहे, आणि तो ठहराव ऐकायला तंबोरा निर्मळ लागतो. असा कान रोज शेजारी असेल तर कारागिराची परीक्षा रोज होते. माझ्या मते मिरजेचा तंबोरा घडला तो गवय्या आणि कारागीर हाकेच्या अंतरावर राहत होते म्हणून. लाकूड आणि भोपळे इतरत्रही होते.

*

हे सगळं मी घरी सांगत होतो तेव्हा माझ्या भाचीने मला हवाई बेटांची गोष्ट ऐकवली. ती आमच्याकडे राहून शिकते. हेब्बाळ आणि सहकारनगरच्या इमारतींत युकुलेले शिकणारी पोरं पुष्कळ झाली आहेत, तीही त्यांतलीच. तिच्याकडचं वाद्य कारखान्यात बनलेलं, पातळ प्लायवुडचं आहे. तिला हवं आहे हाताने घडवलेलं, कोआ लाकडाचं. मामाला तंबोरा आणि भाचीला युकुलेले. दोन्हींना तारा चारच.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यावर पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची, उसाच्या मळ्यांत मजुरीचा करार करून आलेली कुटुंबं होती. त्यांच्यात तिघे सुतार होते: मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो इस्पिरितो सांतो. मळ्यातला करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत लाकूडकामाची दुकानं थाटली. खुर्च्या-कपाटांच्या जोडीला आपल्या गावाकडच्या ‘माशेत’ या छोट्या गिटारीच्या धर्तीवर, पण स्थानिक कोआ लाकडाची वाद्यं ते करू लागले. राजा कालाकाऊआला ते वाद्य आवडलं, दरबारात त्यावर नाच-गाणी झाली, आणि मजुरांच्या बोचक्यातून आलेलं वाद्य एका पिढीत हवाईचं राष्ट्रीय वाद्य होऊन बसलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकलं आणि ती वेडी झाली. पुढच्याच वर्षी सॅम्युएल कामाका यांनी होनोलुलूत कारखाना सुरू केला. तो त्याच कुटुंबाकडे आजही चालू आहे.

मी ऐकत राहिलो. तलवारी घडवणारे मिरजेत सतारी करू लागले, कपाटं करणारे होनोलुलूत युकुलेले करू लागले. दोन्हीकडे जुना धंदा सुटलेले किंवा सोडलेले हात होते, नवं लाकूड होतं, आणि ऐकून घेणारा दरबार होता. वाद्य घडवणं हा मुळात शेजारच्या धंद्यातून आलेल्यांचा धंदा असावा, असं मला तेव्हापासून वाटू लागलं आहे. हवाईची सरकती गिटार आपल्याकडे आली. ताऊ मोए यांचं कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहून ती वाजवत होतं, शिकवत होतं, आणि पुढे ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिला रागसंगीतात नेऊन बसवलं. युकुलेले तेवढं उशिरा पोचलं.

कोआ परवडणार नाही हे भाचीला ठाऊक आहे. तिच्या मनात दुसरा पर्याय आहे तो शिसवीचा, आणि तो तर आपल्याच दारातला. ब्राझीलचा शिसव दुर्मिळ झाला तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ साली आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभरातल्या पुष्कळ चांगल्या गिटारींच्या पाठी आणि कुशी आपल्या सह्याद्रीतल्या, कर्नाटक-केरळच्या शिसवीच्या असतात. २०१७ साली शिसवाच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत गेल्या आणि वाद्यं करणाऱ्यांची धांदल उडाली. परवान्याशिवाय तयार वाद्यही सीमेपलीकडे पाठवणं अवघड झालं. २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कोडगू किंवा वायनाडकडच्या झाडाची फळी समुद्रापार जाऊन, तिथल्या कारागिराच्या हातून वाद्य होऊन परत भारतात अनेक पटींनी महाग येते, याचं मला वाईट वाटतं. लाकूड आपलं आहे, सुतारीही आपली आहे.

*

तंबोऱ्यात शिसव लागतो तो खुंट्यांना. अंगासाठी तूण. रंगाने तांबूस, वजनाने हलकं, आणि नीट वाळवलं तर वर्षानुवर्षं न वाकणारं. नीट वाळवणं यातच सगळं आलं. लाकूड भोवतालच्या हवेतला ओलावा घेत-देत राहतं. ओलसर लाकडाची दांडी पहिल्या दोन पावसाळ्यांत मान टाकते आणि तारा पट्टीवर लोळायला लागतात. म्हणून चांगल्या कारागिराकडे गेलात तर तो वाद्याआधी माळ्यावरचं लाकूड दाखवतो.

पण गिऱ्हाइकाला खरी वाट बघायला लावतो तो भोपळा. हा खायचा भोपळा नव्हे, कडू जातीचा; कडूपणामुळेच त्याला कीड लवकर लागत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठाने त्याची लागवड होते. वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचा, जमिनीचा ओलावा लागून एका अंगाने चपटा होऊ नये म्हणून जपायचा, मग सावलीत महिनोन्‌महिने वाळवायचा. वाळला की आत बिया खुळखुळतात. मर्दानी तंबोऱ्याला मोठ्या घेराचा लागतो, जनानीला लहान. घेर, गोलाई, सालीची जाडी हे तिन्ही एका फळात जुळून येणं निसर्गाच्या मर्जीवर आहे. मनासारखा भोपळा येईपर्यंत थांबा, असं मला सांगण्यात आलं. भोपळ्याशिवायचा, चपट्या लाकडी पेटीचा प्रवासी तंबोराही असतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तो सोयीचा पडतो, तोही दाखवला. मी थांबायचं ठरवलं.

मधल्या काळात मी एकदा मुद्दाम गल्लीत जाऊन बसलो. वयस्कर कारागीर, त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. दोन पुतणे हाताखाली. भोपळा पाण्यात भिजवून मऊ केला होता. करवतीने त्याचं तोंड कापलं, आतला सुकलेला गर खरवडला, पुन्हा उन्हात ठेवला. भोपळ्याच्या तोंडावर लाकडी गळा सरसाने चिकटवायचा, गळ्यात पोकळ दांडी बसवायची. हा सांधा म्हणजे वाद्याचा कणा. चारी तारांचा ताण रात्रंदिवस तो सांधा ओढत असतो. त्यावर लाकडी पानं कोरून बसवतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, खरं तर ती पानं जोड झाकतात आणि धरूनही ठेवतात. मग तबली. भोपळ्याच्या तोंडावरची ही फुगीर फळी आतून तासत आणायची. चाचा थोडं तासत, फळी कानाशी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारत, पुन्हा तासत. कुठे थांबायचं याचं माप त्यांच्याकडे नव्हतं. पुतण्याने एक टिचकी मारून ‘झाली’ म्हटलं, चाचांनी मान हलवली आणि आणखी दोन हात फिरवले. मी दोन्ही टिचक्या ऐकल्या होत्या. दुसरी किंचित खालच्या स्वराची होती, एवढंच मला सांगता येईल.

पूर्वी कडेला हस्तिदंताची नक्षी असायची, घोडीही हस्तिदंताची नाहीतर सांबरशिंगाची. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, योग्यच झालं. आता नक्षी प्लास्टिकच्या पट्टीची, घोडी हाडाची किंवा फायबरची. जुनी माणसं हस्तिदंताच्या जवारीची आठवण काढतात, पण नव्या घोडीतूनही चाचा जे काढतात ते ऐकल्यावर मला त्यात कमी वाटलं नाही.

*

जवारी हा तंबोऱ्याचा प्राण. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो, वरून सपाट दिसतो आणि प्रत्यक्षात अगदी किंचित उतरता असतो. तार त्या उतारावरून निघते, आणि कंप पावताना माथ्याला पुन्हा पुन्हा निसटती टेकते. उतार जास्त झाला तर आवाज कोता आणि बंद, कमी झाला तर तार फरफरते. चाचा घोडी काढत, कानशीचे दोन-तीन हलके हात देत, पुन्हा लावत, तार छेडत, मान तिरकी करून ऐकत, पुन्हा काढत. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पुतण्याने चहा आणला, तो गार झाला. मग एका घासणीनंतर तार छेडली आणि आवाज एकदम रुंद झाला. मग त्यांनी तारेखाली सुती दोरा घातला, त्याला जीवा म्हणतात, आणि तो नखाने पुढे सरकवू लागले. एका जागी तारेतून आणखी एक आवाज उमलून वर आला. खोलीत बसलेल्या आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

हे नेमकं काय होतं, याचा शोध घेणारा माणूस पुढे आमच्या हेब्बाळच्या रस्त्यावरच राहायला आला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली, कलकत्त्यात असताना, भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तोवरचा नियम असा होता की तार ज्या बिंदूला छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत. रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे उपस्वर उमटायला नकोत तेही या वाद्यांत ठणठणीत उमटतात, आणि त्याचं कारण घोडीच्या माथ्याच्या वळणात आणि त्या दोऱ्यात आहे. १९३३ साली रामन बंगळूरला आले, १९४८ साली त्यांनी स्थापलेली संशोधन संस्था मेखरी सर्कलजवळ आहे. हेब्बाळहून शहरात जाताना बसमधून तिची झाडं दिसतात. मिरजेचे कारागीर कानशीने जे करत आले, ते भौतिकशास्त्रात पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते त्या निबंधात. पेटीतून येणारा आवाज सुंदर असतो, पण तो एकदा ठरवलेला असतो. जीवा सरकवून तो उमलताना ऐकण्याचा अनुभव तिथे नाही, आणि शिकणाऱ्याच्या कानाला तोच घडवतो.

*

तंबोरा तयार झाला तेव्हा दसरा होऊन गेला होता. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालो. फायबरच्या पेटीत, आत रजई भरून. खालचा बाक तंबोऱ्याला, वरचा मला. डब्यातल्या प्रत्येकाने विचारलं, आणि प्रत्येकाला कुणीतरी गाणारं माहीत होतं. बेळगाव गेलं, त्या जिल्ह्यातलं सुळेभावी कुमार गंधर्वांचं गाव. मग धारवाड, मल्लिकार्जुन मन्सूरांचं. मग हुबळी, गंगूबाई हनगलांची. हुबळीनंतर थोड्या वेळात कुंदगोळ येतं, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व तिथले, आणि भीमसेन जोशी त्यांच्याच घरी राहून शिकले. मिरजेचे तंबोरे शंभर वर्षं याच मार्गाने खाली येत आले आहेत. भाषा बदलते, स्टेशनांच्या पाट्या बदलतात, तंबोरा तोच राहतो. मराठी आणि कन्नड मुलुखांत ज्या गोष्टींवरून भांडण होतं त्यांच्या यादीत हा तंबोरा कधी आला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

यशवंतपूरला उतरलो, घरी आलो, तंबोरा जुळवायला घेतला तर खुंटी धरेना. मिरजेच्या आणि बंगळूरच्या हवेत फरक आहे. चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं: आठवडाभर तारा थोड्या उतरवून ठेवा, लाकडाला नवी हवा घेऊ द्या, खुंटीला खडूची पूड लावा. तसं केलं. मग एका रविवारी दुपारी पांढरी एकमध्ये जोडी लावली, खर्ज लावला, जीवा सरकवला, आणि खर्जाच्या पोटातून गांधार वर आला. न लावता येणारा, स्वयंभू.

भाची तिचं युकुलेले घेऊन शेजारी बसली. तिच्या चार तारांपैकी एक गांधाराचीच असते. तिने ती छेडली आणि दोन गांधार एकमेकांवर हेलकावे खाऊ लागले, सेकंदाला दोन-तीन. मी तिला हिशेब दाखवला. खर्ज ६५.४ कंपनांचा. त्याचा पाचवा उपस्वर म्हणजे ३२७. तिच्या यंत्राने जुळवलेली तार ३२९.६ ची. फरक अडीच कंपनांचा, अर्ध्या स्वराचा जेमतेम सातवा हिस्सा, आणि तेवढाच हेलकावा. तिने कान लावून तार हळूहळू उतरवली. हेलकावे सावकाश झाले, मग थांबले. दोन्ही वाद्यांचा एकच गांधार झाला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी ओळखलं. गुरुजींच्या खोलीत मी असाच बघत असेन. अर्थात त्या तारेवर पडद्यांचे पुढचे स्वर आता चुकत होते, कारण तिच्या वाद्याचे पडदे सगळे अर्धे स्वर समान मानून ठोकलेले आहेत. तिने तार पुन्हा चढवली. पण आता तिला फरक ऐकू येतो, आणि हाताने घडवलेलं युकुलेले घ्यायचं तर पडदे बसवणाऱ्याला काय विचारायचं हेही ठाऊक झालं आहे.

*

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचं मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरला, तंबोऱ्याचं सोलट्यून या उत्पादक संस्थेला. मिरजेबाहेर बनवून ‘मिरजेचा’ म्हणून विकणाऱ्यांना यामुळे आळा बसेल, परदेशी गिऱ्हाइकाला खात्री मिळेल. गल्लीत या मानांकनाचा आनंद आहे, पाट्यांवर ते लिहिलेलं दिसतं. पण चाचांच्या दोघा पुतण्यांपैकी एक कंपनीत नोकरी शोधतो आहे. टिचकीचा स्वर ओळखायला दहा-दहा वर्षं जातात आणि त्या वर्षांत हातात फार पडत नाही. तूण महाग झालं आहे, भोपळ्याचं पीक एका अवकाळी पावसात जातं, आणि गाणारे बहुतेक जण पेटीवर किंवा मोबाइलवर भागवतात. मानांकन नाव राखेल. हात राखायचे तर तंबोरे विकले जायला हवेत, आणि विकलेले वाजते राहायला हवेत.

कारण तंबोरा एकदा घेऊन संपत नाही. तारा घोडीवर घासून घासून तिथे बारीक खाचा पडतात, जवारी बसते, आवाज मिटतो. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याची जवारी दरवर्षी-दोन वर्षांनी नव्याने काढावी लागते. बंगळूरला दुरुस्ती करणारे आहेत, पण ज्याने तबली तासली त्याच्याच हातून ती निघावी असं मला वाटतं. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, एका घोडीसाठी सहाशे किलोमीटर येणं जमणार नाही. आठ-दहा तंबोरे जमवा, पुतण्याला पाठवतो.

म्हणून मी शोध घेतोय. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात विचारलं, मल्लेश्वरमच्या गाण्याच्या शिक्षकांना विचारलं, आर. टी. नगरच्या एका धारवाडी कुटुंबाकडे गेलो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कपाटावर किंवा पलंगाच्या मागे एक तंबोरा निघाला, गवसणीत, तारा गंजलेल्या. आजीचा, आत्याचा, वारलेल्या गुरूंचा. बहुतेकांच्या भोपळ्याच्या आत मिरजेच्या दुकानाचा कागद चिकटवलेला आहे; विजेरी लावून वाचावा लागतो. एकाचा गळ्याचा सांधा सुटला आहे, एकाची तबली चिरली आहे, बाकीच्यांना तारा आणि जवारी पुरेल. आतापर्यंत सात झाले. चाचांनी प्रत्येक घोडीची लांबी-रुंदी आणि भोपळ्याचा घेर लिहून मागवला आहे, त्याप्रमाणे हाड कापून आणता येईल. सदाशिवनगरच्या एका बाईंनी परवा फोन केला, त्यांच्याकडे जनानी जोडी आहे. शनिवारी टेप घेऊन तिकडे जायचं आहे, भाचीही येते म्हणाली.